सोळा किलो दगडांच्या मागावर

मुलगी रेडिंगला राहते. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिच्याकडे दोन महिने मुक्काम होता. पहिला महिना नातवाला बागेत नेण्यात आणि भांडी धुण्याचं यंत्र समजून घेण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात मी म्हटलं, आता आठवडाभर माझं एक काम करून घेतो. "काम म्हणजे काय ते सांगा," ही म्हणाली. मी सांगितलं, कॅप्टन स्कॉट. "तो दक्षिण ध्रुवावर दुसरा पोचला आणि परतताना मेला, तोच ना? त्याच्याकडे तुमचं काय काम?"

काम असं. मी आयुष्यभर चंद्रपूर भागात कोळसा खाणींत भूशास्त्रज्ञ म्हणून नोकरी केली. नागपूरला एम.एस्सी. करताना आमच्या सरांनी कामठीचा एक वालुकाश्म हातात दिला होता. त्यावर जिभेच्या आकाराचं पान उमटलेलं, मधोमध जाड शीर, दोन्ही बाजूंना जाळी. ग्लॉसोप्टेरिस, कधीच नामशेष झालेली वनस्पती. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने कामठी परिसरात अशी पानं गोळा केली होती. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला नाव त्याचंच. सर पुढे म्हणाले, "हेच पान कॅप्टन स्कॉटच्या तंबूजवळ सापडलं. मरेपर्यंत ओढत आणलं त्यांनी." ते वाक्य डोक्यात अडकून बसलं ते चाळीस वर्षं.

हिने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा बांधला. सामान मोजायचा लटकता काटाही सोबत घेतला, कारण आम्ही काहीबाही उचलून आणतो असा तिचा अनुभव आहे.

पहिला दिवस, मंगळवार : लंडन

सकाळी नॅचरल हिस्टरी म्युझियम. स्कॉटच्या तुकडीने आणलेले दगड इथल्या संग्रहात आहेत. काचेमागे मला दिसलं ते मात्र एक अंडं. एम्परर पेंग्विनचं, मळकट पांढरं, एका टोकाला निमुळतं. १९११ च्या जून-जुलैत, म्हणजे तिकडच्या भर हिवाळ्यातल्या चोवीस तासांच्या अंधारात, स्कॉटच्या दुसऱ्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड असे तिघे जण अंटार्क्टिकातल्या केप क्रोझियरला जाऊन अशी तीन अंडी घेऊन आले. तापमान उणे ६० सेल्सिअसच्याही खाली गेलं होतं. हिने बराच वेळ त्या अंड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तीनच?"

दुपारी वॉटरलू प्लेस. या चौकात स्कॉटचा पुतळा आहे, ध्रुवावरच्या पोशाखात, हातात काठी. तो घडवला त्याच्या बायकोनेच. कॅथलीन शिल्पकार होती, पॅरिसमध्ये रोदँच्या हाताखाली शिकलेली. पुतळ्याचं अनावरण १९१५ साली झालं. नवऱ्याच्या बुटांच्या चुण्या मातीत घडवताना तिला काय वाटलं असेल, हा प्रश्न मला पडला. हिला पडलेला प्रश्न वेगळा होता. पैसे मिळाले असतील का तिला?

त्याच चौकात सर जॉन फ्रँकलिनही उभा आहे. १८४५ साली १२९ माणसं घेऊन उत्तरेच्या बर्फात शिरलेला आणि परत न आलेला हाही नौदलाचाच कॅप्टन. शिवाय लॉर्ड क्लाइड, म्हणजे १८५७ च्या डिसेंबरात कानपूरला तात्या टोप्यांच्या फौजेला हटवणारा कॉलिन कॅम्पबेल. आपल्याला त्याचा पुतळा बघायची काही हौस नव्हती, पण समोर आला. या चौकात साम्राज्याच्या जमाखर्चाची सगळी पानं एकत्र बांधून ठेवल्यासारखी वाटतात.

संध्याकाळी चेल्सीत ५६, ओकली स्ट्रीट. निळी पाटी, बंद दार. पहिल्या मोहिमेनंतर स्कॉट इथे राहिला. फोटो काढला आणि रेडिंगला परतलो.

दुसरा दिवस, बुधवार : प्लिमथ

रेडिंगहून थेट गाडी. एक्सेटर सोडल्यावर रूळ समुद्राला इतके चिकटून जातात की खिडकीवर शिंतोडे उडतात. २०१४ च्या फेब्रुवारीत वादळाने डॉलिशजवळ हा रस्ताच वाहून नेला होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लालभडक कडे. मी उठून उभाच राहिलो. हा पर्मियन काळातला, म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म. हे लाल वाळवंट इथे साचत होतं त्याच पर्मियनमध्ये आपल्याकडे, वर्धा खोऱ्यात, ग्लॉसोप्टेरिसची जंगलं दलदलीत गाडली जाऊन कोळसा होत होती. "बसा, लोक बघताहेत," ही म्हणाली. बसलो.

रॉबर्ट फाल्कन स्कॉटचा जन्म ६ जून १८६८ चा, प्लिमथच्या डेव्हनपोर्ट भागातला. घराचं नाव आउटलँड्स. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बने गेलं, आता त्या जागी सेंट बार्थोलोम्यू चर्च आहे. समोरच्या रस्त्यावर वाहनांची रांग. बघण्यासारखं खरं तर काही नाही, पण मी दहा मिनिटं थांबलो.

मग माउंट वाइज. टेकाडावर स्कॉट आणि त्याच्या चार साथीदारांचं मोठं स्मारक आहे, १९२५ सालचं, आणि खाली टेमार नदीचं मुख. वर 'धैर्य' नावाची एक बाई आणि तिच्याकडून झिडकारले गेलेले भय, निराशा, मृत्यू वगैरे. असं रूपकांचं शिल्प मला कधी भिडत नाही. खाली नदीतून एक करडी युद्धनौका हळूहळू बाहेर पडत होती, ती मात्र बघत बसलो. डब्यातली दशमी तिथेच खाल्ली.

स्कॉट समजायचा तर इथून, असं मला वाटतं. वडिलांची प्लिमथमध्ये बियरची भट्टी होती, ती त्यांनी विकली आणि त्या पैशावर कुटुंब चाललं. मुलगा तेराव्या वर्षी, १८८१ मध्ये, डार्टमथला 'ब्रिटानिया' या शिक्षण-जहाजावर कॅडेट झाला. १८८३ ला २६ मुलांत सातवा येऊन बाहेर पडला. १ मार्च १८८७ ला वेस्ट इंडीजमध्ये सेंट किट्सच्या खाडीत त्याने बोटींची एक शर्यत जिंकली, ती बघायला क्लेमंट्स मार्कम होता. मार्कम पुढे रॉयल जिऑग्रफिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि अंटार्क्टिक मोहिमेसाठी तरुण नौदल अधिकारी शोधू लागला. एका शर्यतीने आयुष्य वळलं, असं लिहायला छान वाटतं, पण मधल्या बारा वर्षांत हा माणूस टॉर्पेडो शिकत होता. टॉर्पेडो म्हणजे तेव्हाचं नवं तंत्र, विजेच्या तारा, सुरुंग, स्फोटकं.

आणि घर बुडालं. १८९४ मध्ये कळलं की भट्टीच्या विक्रीचे पैसे चुकीच्या गुंतवणुकीत गेलेत. वडील त्रेसष्टाव्या वर्षी सॉमरसेटमधल्या दुसऱ्याच्या भट्टीवर व्यवस्थापक म्हणून रुजू झाले. तीन वर्षांत ते गेले. पुढच्या वर्षी टायफॉइडने भाऊ आर्ची गेला. आई आणि बहिणी स्कॉटच्या पगारावर आल्या. शांततेच्या काळातल्या आरमारात बढतीची रांग लांब असते. जून १८९९ मध्ये लंडनच्या रस्त्यात मार्कम पुन्हा भेटला, अंटार्क्टिकाची मोहीम निघतेय असं कळलं, आणि याने अर्ज केला. बर्फाचं वेड वगैरे काही नव्हतं त्याला. स्वतंत्र जबाबदारीची जागा निघाली होती. आमच्या खात्यातही लोक अशीच दूरची पोस्टिंग मागून घ्यायचे, बढतीसाठी. मी एकदा घेतली होती. हिला ती अजून आठवते.

तिसरा दिवस, गुरुवार : कार्डिफ

ब्रिस्टलला गाडी बदलून, सेव्हर्नच्या बोगद्यातून वेल्समध्ये. माझ्यासारख्या कोळसेवाल्याला कार्डिफ म्हणजे माहेरच. एकेकाळी जगातली निम्मी जहाजं वेल्सच्या कोळशावर धावत असावीत, असं इथल्या इमारती बघून वाटतं.

स्कॉटची दुसरी मोहीम इथून सुटली. पहिलीसारखी ती सरकारी थाटाची नव्हती. पैसे जमवायला तो गावोगाव भाषणं देत फिरला, आणि ते काम त्याला अजिबात आवडत नसे. कार्डिफने हात सैल सोडला, तो मुख्यतः टेडी एव्हान्स या दुय्यम कप्तानाच्या वेल्शपणामुळे. रोख रक्कम मिळाली, गोदीची फी माफ झाली, जहाजात कोळसा फुकट भरला गेला. त्यात कोळशाच्या चुऱ्यात डांबर मिसळून दाबलेल्या विटाही होत्या. चुरा वाया जाऊ नये म्हणून केलेली ही वीट मी नोकरीत पाहिली आहे. ती रचायला सोपी आणि जळायला चिवट असते. १५ जून १९१० ला मोहिमेचं जहाज 'टेरा नोव्हा' इथून निघालं. स्कॉट स्वतः थोडं अंतर जाऊन उतरला. पैसे अजून पुरे झाले नव्हते. दक्षिण आफ्रिकेत तो जहाजाला पुन्हा मिळाला, आणि ऑक्टोबरात मेलबर्नला पोचला तेव्हा हातात तार पडली : 'फ्राम' अंटार्क्टिकाकडे निघालं आहे, अमुंडसेन. 'फ्राम' हे अमुंडसेनचं जहाज, म्हणजे ध्रुवाच्या शर्यतीत आता तोही होता.

कार्डिफ बेवर पांढऱ्या तुकड्यांचं मोझॅइक स्मारक आहे. स्कॉट पुढे झेपावलेला, मागे बर्फात अडकलेले चेहरे. काल माउंट वाइजला जे भिडलं नाही, ते इथे भिडलं. गंमत म्हणजे त्याच्या शेजारीच नॉर्वेच्या खलाशांसाठी बांधलेलं जुनं पांढरं लाकडी चर्च आहे. अमुंडसेन नॉर्वेचाच. आता त्या चर्चमध्ये कॅफे आहे. आम्ही तिथेच चहा घेतला, स्कॉटला पाठ करून. दुसरी सोयीची खुर्ची नव्हती.

मोहिमेतला एडगर एव्हान्स वेल्सच्या रोसिलीचा, अधिकारी नव्हे तर पेटी ऑफिसर. ध्रुवावर गेलेल्या पाचांत तो पहिला मेला, १७ फेब्रुवारी १९१२ ला, बिअर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी. बातमी घरी आल्यावर देशभरातून सुमारे ७५,००० पौंडांचा निधी जमला, आणि वाटणी झाली ती हुद्द्याच्या उतरंडीने. विल्सनच्या विधवेला ८,५००, बॉवर्सच्या आईला ४,५००, एव्हान्सची विधवा, मुलं आणि आई मिळून १,५००. आरमार बर्फातही आरमारच होतं. अंटार्क्टिकातल्या तळावर, केप एव्हान्सच्या झोपडीत, पन्नास फूट लांब आणि पंचवीस फूट रुंद जागेत, पंचवीस माणसं राहत, आणि मधे खोक्यांची भिंत. एका बाजूला अधिकारी आणि शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला बाकीचे. सगळ्यांच्या सोयीची होती म्हणे ती भिंत. आमच्या खाणीतही अधिकाऱ्यांचं कँटीन वेगळं होतं. तेही सगळ्यांच्याच सोयीचं, असं आम्ही अधिकारी म्हणायचो.

संध्याकाळी बसने रोथ पार्कला. तळ्यात स्कॉटच्या आठवणीचं दीपगृह आहे, टोकाला 'टेरा नोव्हा'ची छोटी प्रतिकृती. बदकं फार.

चौथा दिवस, शुक्रवार : गाड्या

एक गाडी रद्द, दुसरी पाऊण तास उशिरा, तिसरीत उभं. केंब्रिजला पोचेपर्यंत सगळं बंद झालं होतं. चिवडा संपला.

पाचवा दिवस, शनिवार : केंब्रिज

लेन्सफील्ड रोडवर स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूट. स्थापना १९२०, ही इमारत १९३४ ची. दर्शनी भिंतीवर लॅटिन ओळ आहे. अर्थ साधारण असा : ध्रुवाची गुपितं शोधत होता, आता देवाची पाहतो आहे. आत शिरताच वर दोन घुमट, एकावर उत्तर ध्रुवाचा नकाशा, एकावर दक्षिणेचा, भोवती जहाजं आणि कप्तानांची नावं. मान दुखेपर्यंत बघितलं. 'टेरा नोव्हा'ची घंटा इथे आहे आणि चहाच्या वेळी ती वाजवायची पद्धत आहे.

संग्रहालय लहान आहे, दोन तासांत संपतं. आम्ही चार तास होतो. ध्रुवावर गेलेल्या पाचांतल्या ओट्सची झोपायची पिशवी बघितली, रेनडियरच्या कातड्याची, एका बाजूने फाडलेली. पाय हिमदंशाने गेले होते, आत सरकवता येईनात, म्हणून ती चिरली. त्याच पिशवीतून उठून, जवळपास आपल्या बत्तिसाव्या वाढदिवसालाच, तो वादळात बाहेर गेला, बाकीच्यांना आपलं ओझं नको म्हणून. हा घोडदळाचा कॅप्टन मोहिमेच्या आधी कुठे होता, तर महूला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला त्याच छावणीच्या गावात. मोहिमेत जायचा अर्ज त्याने तिथूनच केला आणि पदरचे १,००० पौंडही भरले. महूच्या उन्हातून थेट त्या पिशवीत! ही पहिल्यांदाच गप्प झाली.

हिंदुस्थानचा धागा इथे संपत नाही. मोहिमेच्या दुसऱ्या वर्षी हिंदुस्थान सरकारने हिमालयात तयार केलेली सात खेचरं पाठवली. नावं बघा : लाल खान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी, खान साहिब. स्कॉटचा शोध घ्यायला जी तुकडी गेली, तिच्या घसरगाड्या या खेचरांनी ओढल्या. १२ नोव्हेंबर १९१२ ला तंबू दिसला. आत तिघे. स्कॉट, विल्सन, बॉवर्स.

बॉवर्स हा माझा आवडता. पाच फूट चार इंच, मोठं नाक, म्हणून 'बर्डी'. स्कॉट रॉयल नेव्हीचा, पण हा रॉयल इंडियन मरीनचा लेफ्टनंट. म्हणजे मुंबईच्या गोदीत जिचं मुख्यालय होतं आणि जिच्यातून पुढे आपलं भारतीय नौदल उभं राहिलं, त्या दलाचा. इरावतीवर नदीतल्या बोटी, इराणच्या आखातात शस्त्रांची चोरटी वाहतूक पकडणं, अशी नोकरी केलेला. स्कॉटने याला न भेटताच घेतला. पुढे सगळं सामान, सगळा हिशेब याच्या हातात. शेवटच्या टप्प्यासाठी चौघं ठरलेले असताना स्कॉटने ऐन वेळी याला पाचवा म्हणून घेतलं. शिधा चौघांच्या मापाने बांधलेला, आणि याच्याकडे स्की नव्हत्या. तो शेवटपर्यंत चालला. १७ जानेवारी १९१२ ला ध्रुवावर पोचले, अमुंडसेन महिनाभर आधी येऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी काढलेला पाचांचा तो प्रसिद्ध फोटो बॉवर्सनेच दोरी ओढून काढला आहे.

आता दगडांचं. परतीच्या वाटेवर, ८ फेब्रुवारीला, बिअर्डमोरच्या माथ्याशी माउंट बकलीजवळ वारा पडला, ऊन आलं. अन्न तुटपुंजं, एव्हान्स आजारी, पुढे सहाशे किलोमीटरांहून जास्त चाल. स्कॉटने तिथे थांबून दगड बघायचं ठरवलं. विल्सनला कोळशाचे थर दिसले आणि खडकात पानं. पस्तीस पौंड, म्हणजे सोळा किलो दगड घसरगाडीवर चढले. शेवटच्या तळापर्यंत ते त्यांनी टाकले नाहीत. १९१४ मध्ये केंब्रिजच्याच प्राध्यापक सीवर्डने ते पान ओळखलं : ग्लॉसोप्टेरिस इंडिका. इंडिका, कारण जात आपल्या इथली म्हणून आधीच ठाऊक होती. भारत आणि अंटार्क्टिका एकेकाळी ज्यात जोडलेले होते, त्या गोंडांच्या मुलखावरून नाव पडलेल्या गोंडवन खंडाचा हा तुकडा, आता बर्फाखाली.

या दगडांनीच त्यांना मारलं, असं लिहिणारे आहेत. मला ते पटत नाही. मेले ते आधी भुकेने आणि मग थंडीने. मार्च नेहमीपेक्षा फार गार निघाला. तळांवर ठेवलेल्या रॉकेलच्या डब्यांच्या झाकणांचे चामडी वायसर आकसले आणि तेल उडून गेलं. तेल नाही म्हणजे बर्फ वितळत नाही, म्हणजे पाणी नाही. अमुंडसेनने आपले डबे झाळून घेतले होते. त्याच्याकडे कुत्रे होते, यांच्याकडे माणसं. या सगळ्यात सोळा किलो म्हणजे काय? पण हेही खरं की टॉर्पेडो शिकलेल्या, नोंदी आणि यादीत वाढलेल्या माणसाला वायसर तपासायचं सुचायला हवं होतं. माझ्या हाताखालच्या कोणी हे केलं असतं तर मी मेमो दिला असता.

शेवटच्या तंबूपासून मोठा साठा अकरा मैलांवर होता. बाहेर वादळ. स्कॉट पेन्सिलीने पत्रं लिहीत राहिला, विल्सनच्या बायकोला, बॉवर्सच्या आईला, आपल्या आईला. आपल्या बायकोच्या पत्रावर त्याने लिहिलं, "माझ्या विधवेस". त्यात आहे की योग्य माणूस भेटला तर पुन्हा लग्न कर, आणि मुलाला जमलं तर निसर्गाची गोडी लाव, खेळांपेक्षा ती बरी. मुलगा पीटर तेव्हा अडीच वर्षांचा. पुढे तो पक्षितज्ज्ञ झाला आणि जागतिक वन्यजीव निधीचं पांडाचं चिन्ह त्याच्याच हातचं. हे मी हिला सांगितलं तेव्हा तिने डोळे पुसले. मी घुमटाकडे पाहत होतो.

सहावा दिवस, रविवार : उत्तरेकडे

दिवसभर गाडीत. बर्विकनंतर समुद्र पुन्हा खिडकीशी आला. एडिनबर्गला मुक्काम. थंडी इतकी की जूनमध्ये हिने मफलर काढला.

सातवा दिवस, सोमवार : डंडी

फोर्थचा पूल, मग टेचा पूल. टेचा पहिला पूल डिसेंबर १८७९ मध्ये धावत्या गाडीसकट कोसळला. त्याचे दगडी पाये अजून पाण्यात दिसतात, आपली गाडी शेजारून जाते. खाली बघू नका म्हटलं तरी माणूस बघतोच.

स्टेशनातून बाहेर आलं की समोरच 'डिस्कव्हरी', स्कॉटचं पहिलं जहाज. २१ मार्च १९०१ ला डंडीतच पाण्यात सोडलेलं आणि १९८६ मध्ये डंडीत परत आणलेलं. लाकडी जहाज, तेही डंडीलाच का? याचं उत्तर बंगालमध्ये आहे. बंगालचा ताग इथल्या गिरण्यांत यायचा. कोरडा ताग ठिसूळ, तो मऊ करायला व्हेलचं तेल लागायचं. तेल हवं म्हणून व्हेलची शिकार, शिकारीला बर्फात तगणारी जाड लाकडी जहाजं, आणि बाकी जग लोखंडाकडे वळलं तरी ती बांधणारे सुतार इथे उरले. 'टेरा नोव्हा'ही डंडीचंच, १८८४ सालचं. दक्षिण ध्रुवाचा रस्ता तागाच्या पोत्यातून निघाला म्हणायचा.

जहाजाच्या बाजूंची लाकडी जाडी दोन फुटांच्या वर, आणि त्यांना खिडक्या नाहीत. १९०२ मध्ये ते बर्फात गोठलं आणि फेब्रुवारी १९०४ ला सुटलं, तेही सुरुंग लावून. टॉर्पेडोचं शिक्षण तिथे कामी आलं. मधल्या काळात स्कॉट, विल्सन आणि शॅकल्टन ८२ अंश १७ मिनिटांपर्यंत दक्षिणेला जाऊन आले, तोवर माणूस पोचला नव्हता तिथवर. परतल्यावर स्कॉट कॅप्टन झाला. आईच्या पत्रांत तेव्हा काय आनंद असेल.

अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या दालनाभोवती त्यांच्या खोल्या, दारांवर नावं. स्कॉटच्या खोलीत पलंग, टेबल, पुस्तकं. हे दालन कोळशाच्या कोठारावर आहे, म्हणून पाय गोठायचे. खलाशी राहत धान्यकोठारावर, ते उबदार. सगळी उतरंड काटेकोर पाळली, आणि ऊब नेमकी खालच्यांना मिळाली. मी खाली कोठारापर्यंत उतरलो, फळ्यांचा वास घेतला. कोळशाचा नाही आला. डांबर आणि जुनं लाकूड.

बाहेर आल्यावर नदीच्या काठाने पुलाच्या दिशेने चाललो. ओहोटी होती. गोट्यांत एक चपटा लालसर तुकडा दिसला, त्यावर काळसर रेघ. पान नव्हतं, नुसता लोहाचा डाग. तरी उचलला, अंगठ्याने पुसला, खिशात टाकत होतो.

"किती किलो?" हिने मागून विचारलं.

"पाव असेल."

"परवा विमान आहे. तुमची बॅग बावीस आठशे झालीय, काल रात्री मोजली मी. तेवीसच्या वर घेत नाहीत."

मी दगड हातात तोलून पाहिला. पाव नव्हता, चांगला अर्धा किलो होता. खाली ठेवला, होता तसाच, रेघ वर करून.